सोळावर उभे राहणारे काशीभाऊ

पत्ते खेळता खेळता मधेच ताडकन उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हातात पानं, चेहरा गंभीर, आणि अंग झेंडावंदनाला असतं तसं ताठ. समोरच्यानं आपली पानं उलटून दाखवेपर्यंत हा माणूस काही खाली बसायचा नाही. डाव संपला की बसायचा, पुढच्या डावात पुन्हा उभा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बिचाऱ्याच्या पायात गोळा आलाय.

त्यांचं नाव काशीनाथ, पण सगळं गाव काशीभाऊ म्हणायचं. त्यांना असं उभं करण्याचं पाप माझं आहे, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं.

नव्वदीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मी शहापूरजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो होतो आणि तानसाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात भाड्यानं राहत होतो. माझी खोली काशीभाऊंच्या घराला चिकटून. मधे फक्त एक कुडाची भिंत. त्यांच्याकडे फोडणी पडली की मला शिंक यायची.

काशीभाऊ धरणावर पाण्याची पातळी मोजायला होते. रोज सकाळी सायकल मारत जायचं, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, आणि परत यायचं. "मुंबई माझ्या आकड्यावर आंघोळ करतं, मास्तर," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तीस वर्षं तेच काम केल्यामुळे मोजणं त्यांच्या रक्तात गेलं होतं. देवळाच्या पायऱ्या, लग्नाच्या वरातीतले फेटे, माझ्या दोरीवरचे शर्ट, काही म्हणजे काही सुटायचं नाही. "मास्तर, तुमचं तीन शर्ट हायेत. त्यातला एक तुमी फक्त गुरुवारी घालता," असं कुणी तोंडावर सांगितलं की माणसाला उघड्यावर आंघोळ करतोय असं वाटतं.

तर अशा माणसाच्या हाती त्यांच्या भाच्यानं ते पुस्तक दिलं. भाचा विलास परदेशी जहाजावर खानसामा होता. कुणा उतारूनं खोलीत टाकून दिलेलं एक बारीक इंग्रजी पुस्तक तो सुट्टीवर येताना घेऊन आला. त्याला कव्हर नव्हतं आणि पहिली आठ पानंही नव्हती. "मामा, तुला मोजायचं वेड आहे ना? हे पत्ते मोजायचं पुस्तक आहे. जहाजावर ह्याच्यापायी माणसं वेडी होतात," असं सांगून विलास निघून गेला आणि पुस्तक माझ्या खोलीत आलं. कारण गावात इंग्रजी येणारा मी एकटा. निदान गावाचा तसा समज होता.

खेळाचं नाव ब्लॅकजॅक. मी भाषांतर केलं, काळा गुलाम. खेळ म्हटलं तर सोपा. एक वाटणारा, एक खेळणारा. दोघांना दोन-दोन पानं, वाटणाऱ्याचं एक झाकलेलं; गुलाम, राणी, राजा दहा-दहाचे. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या वर गेली तर फुटला. आणखी पान पाहिजे असेल तर इंग्रजीत म्हणतात 'हिट'. मी लिहिलं, "मार". आणि पान नको असेल तर म्हणतात 'स्टँड'. आता स्टँड म्हणजे काय, हे पाचवीतलं पोर सांगेल. मी बिनदिक्कत लिहिलं, "उभे राहावे".

"उभं का राहायचं?" काशीभाऊंनी विचारलं.

"रीत असेल तिकडची," मी म्हणालो. इंग्रजीच्या मास्तरानं 'माहीत नाही' म्हणायचं नसतं, असं तेव्हा मला वाटायचं.

"चांगली रीत हाय. मानाची," काशीभाऊ म्हणाले, आणि त्या दिवसापासून उभे राहू लागले.

पुस्तकातलं कोष्टक मी मराठीत उतरवून दिलं. तुमचे किती, वाटणाऱ्याचं उघडं पान कुठलं, आणि त्यावर मार की उभा. काशीभाऊंनी तो तक्ता खळ लावून भिंतीवर चिकटवला, थेट गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. त्यापुढचा धडा होता मोजण्याचा. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की अधिक एक. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की वजा एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी पडली तर काही नाही. लहान पानं गेली की मागे मोठी उरतात आणि खेळणाऱ्याचे दिवस येतात. मी हे समजावून सांगायला अर्धा तास घेतला. काशीभाऊंनी ते एका वाक्यात आटपलं. "म्हणजे पाखडणं झालं. कोंडा उडाला की सुपात तांदूळ."

ह्या बेरीज-वजाबाकीला त्यांनी नाव दिलं 'मोज'. मग काय विचारता! "मोज काय बोलतं?" हे त्यांचं पालुपद झालं. आठवडा बाजारात सुके बोंबील घेताना पाटीतले जाडे बोंबील पुढचं गिऱ्हाईक घेऊन गेलं की काशीभाऊ माझा दंड धरायचे. "चला मास्तर. मोज वजा झाली." लग्नात मात्र पहिल्या पंगतीला कधी बसायचे नाहीत. पहिल्या पंगतीला वरचा बुंदीचा चुरा जातो, अख्खे लाडू दुसऱ्या पंगतीला येतात, हा त्यांचा हिशेब. तो खराही निघायचा, आणि त्यामुळे आमच्यासारखे चार जण त्यांच्यासोबत उपाशी ताटकळायचे.

एकदा शहापूरचा एक विमा एजंट दारात बसला. पुस्तकात विमा नावाचं एक प्रकरण होतं. वाटणाऱ्याचा एक्का उघडा असला तर विमा घ्यायचा का? एरवी नाही, पण मोज तीन झाली तर घ्यावा. काशीभाऊंनी एजंटाचं सगळं ऐकून घेतलं, बायकोला सांगून त्याला चहा दिला, आणि शांतपणे म्हणाले, "मोज अजून दोनच हाय. तीन झाली का निरोप धाडतो." तो बिचारा वर्षभर येऊन विचारायचा, "तीन झाली का हो?"

गावातल्या दोन भावांची वाटणीवरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हाही निवाडा काळ्या गुलामानंच केला. "दश्शीची जोडी कधी फोडू नये," काशीभाऊ त्यांना म्हणाले, "आणि अठ्ठीची जोडी कधी ठेवू नये. तुमी दोघं अठ्ठी हाव. एकत्र सोळा. सोळा कुणाच्या कामाचं? वेगळं राहा, दोघांवर चांगलं पान पडंल." गंमत म्हणजे भाऊ वेगळे झाले आणि सुखात राहिले. तेव्हापासून गाव काशीभाऊंना वेडा म्हणताना आवाज जरा हळू करू लागलं.

काशीभाऊ गोव्याला जाणार, तिथल्या जुगाराच्या बोटीवर बसून बोट बुडवून येणार, अशी एक बोलवा उठली होती. ते ना हो म्हणायचे ना नाही. "तयारी चाललंय," एवढंच.

ह्या सगळ्याला घरात एकच माणूस हसायचं, आणि पोट धरून हसायचं. मथुरावहिनी. त्यांचं माहेर मुरबाडकडचं, माळशेजच्या रस्त्यावरचं वैशाखरे. मुरबाडकर शहापूरकरांना भोळसट समजतात आणि शहापूरकर मुरबाडकरांना. दोघांचंही बरोबर असावं. वहिनींच्या माहेरी भाताची आवणी उरकली की श्रावणात पत्ते निघायचे, आणि बायका पुरुषांच्या बरोबरीनं मेंढीकोट खेळायच्या. मेंढीकोट म्हणजे दश्श्या पकडायचा खेळ. कोणाकडची दश्शी अजून पडायची आहे हे ज्याच्या ध्यानात राहिलं तो जिंकला. वहिनींना आमच्या गावात कुणी हरवलेलं मी पाहिलं नाही. शेवटच्या चार हातांत तर त्या समोरच्याच्या हातातली पानं त्यालाच नावानिशी सांगायच्या. "किलवरची दश्शी टाका भावजी, किती गरम करता तिला?"

मी एकदा विचारलं होतं, "वहिनी, एवढं लक्षात कसं राहतं?"

"पडलेलं पान माझ्या डोक्यात बसतं, मास्तर. उठवलं तरी उठत नाय." आणि मग नवऱ्याकडे बघून, "ह्यांच्यासारखं अधिक-वजा करावं लागत नाय मला. अहो, बसा आता खाली. आमटी निवली."

मूलबाळ नव्हतं त्यांना. त्याबद्दल ती दोघं बोलत नसत आणि गावही विचारत नसे. कुडापलीकडून मला रोज रात्रीच्या जेवणानंतर त्यांची भांडणं ऐकू यायची, ती सगळी पत्त्यांवरची. मला एकट्याला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की ती दोघं कधी मुरबाडकडे गेली की माझं घर खायला उठायचं.

आणि मग एका वर्षी, गणपतीच्या तोंडावर, भाकऱ्या थापता थापता वहिनी कलंडल्या. उजव्या अंगावरून वारं गेलं. ठाण्याच्या इस्पितळात वीस दिवस काढून काशीभाऊ त्यांना घरी घेऊन आले, तेव्हा उजवा पाय फरफटत होता आणि उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणीतरी दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिल्यासारखा. वाचा गेली. एकच शब्द उरला. "नाय."

चहा हवा? "नाय," आणि कपाला हात पुढे. बरं वाटतंय का? "नाय," आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू. कुणी माहेरी न्यायला, कुणी भेटायला, कुणी देवाचा अंगारा लावायला आलं, सगळ्यांना "नाय." काशीभाऊंना त्यातलं कुठलं नाय म्हणजे हो, ते बरोबर कळायचं. आम्हाला कळायचं नाही.

डॉक्टरनं बजावलं होतं, की हात सतत चालता ठेवा. सहा-आठ महिन्यांत आला तर आला, नाहीतर गेला. त्यासाठी त्यानं एक रबरी चेंडू दाबायला दिला. वहिनींनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला, तो माझ्या दुधाच्या पातेल्यात पडला. मी चेंडू परत दिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मी पातेल्यावर झाकण ठेवायला शिकलो.

काशीभाऊंनी मग मेंढीकोटचा डाव मांडून बघितला. मला आणि शेजारच्या एकाला बोलावलं. पण तेरा पानं एका हातात धरायची कशी? वहिनींची पानं गळून पडली. काशीभाऊंनी उचलून दिली, पुन्हा पडली, आणि सगळ्यांना दिसली. वहिनींनी पदर तोंडावर घेतला. त्या दिवसानंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. जेवण अर्ध्यावर आलं. माझ्या पातेल्यात चेंडू पडायचासुद्धा बंद झाला, आणि खरं सांगतो, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

अशात एका संध्याकाळी काशीभाऊ ते फाटकं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, शेवटचा धडा राहिलाय मराठीत करायचा."

त्या धड्याला आम्ही कधी हात लावला नव्हता. तक्ता कधी मोडायचा, ह्याचा तो धडा होता. म्हणजे असं, की तक्ता म्हणतो सोळा असताना आणि समोर दश्शी असताना मार. पण मोज अधिकात गेली असेल तर मारू नये, उभं राहावं. अशी अठरा ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी मोज किती झाली की वाट बदलायची त्याचा आकडा. पक्क्या खेळाडूचं शिक्षण म्हणतात ते हेच.

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, ही वेळ आहे का? वहिनी अशा पडल्यात, आणि तुम्हाला गोव्याचं पडलंय? लोक काय बोलतात कानावर येतं का? बायको अंथरुणाला आणि नवरा जुगाराला!"

काशीभाऊ खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "तुमी फक्त मराठी करा, मास्तर. शिव्या मागून द्या."

मी रागारागात करून दिलं. त्या ठिकाणांना काशीभाऊंनी नाव ठेवलं 'आडवाटा'. मग रोज सकाळी धरणाच्या रस्त्यावर लोकांना एक विचित्र दृश्य दिसू लागलं. सायकलवर काशीभाऊ, आणि तोंडानं आरती म्हणावी तसं चाललेलं, "सोळा-दहा, शून्याच्या वर, उभा. पंधरा-दहा, चार, उभा. बारा-तीन, दोन, उभा. बारा-दोन, तीन, उभा." समोरून येणारी गुरं बाजूला व्हायची. बायकोच्या आजारानं ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गावानं ठरवून टाकलं. भरीत भर म्हणजे शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली ते पिशवी भरभरून चिंचोके वेचताना दिसू लागले. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे शेजारी घरी जेवतात ना नीट?"

आणि मग एक दिवस कुडापलीकडून आवाज आला. पान सरकल्याचा. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक पान. एका डावाला पाव तास लागत होता. मी हातातल्या वह्या ठेवून ऐकत बसलो. मधेच धाडकन कुणीतरी उठल्याचा आवाज, आणि काशीभाऊ म्हणाले, "उभा!"

मला राहवलं नाही. मी गेलो. वहिनी उशाला टेकून बसल्या होत्या. समोर पाट, पाटावर दोन कॅट एकत्र पिसलेले. वाटणाऱ्या वहिनी होत्या. उजव्या हाताची दोन बोटं गड्डीवर ठेवायच्या, ओठ दाबायच्या, आणि एक पान ढकलत पुढे आणायच्या. घाम यायचा त्यांना. काशीभाऊंनी मदतीला बोट लावलं नाही. नुसते वाट बघत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काळ्या गुलामात वाटणाऱ्याला हातात काही धरावं लागत नाही. सगळी पानं पाटावर असतात. काही ठरवावंही लागत नाही. सोळापर्यंत पान घ्यायचं, सतराला थांबायचं, बस्स. बोलायचीसुद्धा गरज नाही. मेंढीकोट हातातून गेलेल्या बाईला खेळता येईल असा अख्ख्या जगात एकच पत्त्यांचा खेळ होता, आणि तो माझ्या शेजाऱ्याच्या ट्रंकेत पडलेला होता. ह्या माणसाला मी जुगारी म्हटलं होतं. मला माझीच शरम वाटली.

त्यानंतर मी रोज जाऊन बसू लागलो. डावाला लावायला चिंचोके. वहिनींचा एक मोठा दुधाच्या पावडरीचा डबा होता, जिंकलेले चिंचोके त्यात पडायचे. आणि वहिनी जिंकतच होत्या. डबा वर वर येत होता आणि वहिनींची मानही. जेवण सुधारलं. एक दिवस माझ्या पातेल्यात चेंडू पडला. मी तो डोक्याला लावला.

पण एक गोष्ट मला खुपत होती. आडवाटा पाठ केलेला हा माणूस आडवाटेनं एकदाही जात नव्हता! मोज चार, हातात पंधरा, समोर राजा. आता उभं राहायचं, हे एव्हाना मलासुद्धा पाठ झालं होतं. आणि काशीभाऊ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून म्हणायचे, "मार." पान यायचं दश्शी. फुटले! मोज वजा गेली की मूठभर चिंचोके लावायचे, मोज चढली की दोनच. सगळं उलटं. एकदा मी न राहवून तोंड उघडलं, "भाऊ, मोज तर—" आणि काशीभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी खाली बघून चिंचोके मोजायला लागलो.

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. "मास्तर, तेवढं बोलू नका तिच्यापुढं."

"पण तुम्ही मुद्दाम हरताय?"

"मग काय करू? ती वैशाखऱ्याची हाय. मी येड्यासारखा हरलो तर तिला लगेच कळंल का हा दया करतोय. चेंडू फेकला तसे पत्ते फेकंल. पण तक्त्यापरमानं खेळून हरलो तर कोण काय बोलंल? तक्ता तिच्या डोळ्यासमोर हाय. मी कायद्यानं हरतो." त्यांनी फाटकाची कडी काढली. "आता तक्ता कुठं कुठं चुकतो, ते माहीत झाल्याबिगर कायद्यानं हरता येत नाय. म्हणून आडवाटा पाठ केल्या."

जिंकण्यासाठी लिहिलेल्या विद्येचा असा उपयोग त्या पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल.

"जिंकली का हात जरा वर उचलतं ती," काशीभाऊ म्हणाले. "मी मोजतो ना. गेल्या म्हयन्यात चार बोटं उचलायची, आता वीत झाली." धरणाच्या पट्टीवरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. सहा-आठ महिन्यांची डॉक्टरची मुदत केव्हाच उलटली होती. हात थोडा आला होता. वाचेचं मात्र नाय ते नायच.

त्याच सुमाराला विलास सुट्टीवर आला. मामाला डावात उभा राहिलेला बघून तो खाटेवरून पडायचा बाकी होता. "मामा, हे काय? स्टँड म्हणजे उभं नाय राहायचं! स्टँड म्हणजे बस. पुरे. आणखी पान नको, बस!"

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं मी ह्या माणसाला उठबशा काढायला लावल्या होत्या. काशीभाऊंनी माझ्याकडे बघितलं, विलासकडे बघितलं, आणि म्हणाले, "मास्तरांनी उभं सांगितलं, तर उभं. आता ह्या वयात बस कुठं शिकू?" वहिनी डाव्या कोपऱ्यातून हसल्या. विलासनं गोव्याचं आमंत्रण दिलं. म्हणाला, चल मामा, खरी बोट दाखवतो, सगळी सोय माझी. काशीभाऊ म्हणाले, "मोज नाय." आणि पानं पिसू लागले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, श्रावणातली संध्याकाळ होती. दिवेलागण व्हायची होती. मी नेहमीच्या जागी दाराशी बसलो होतो. एक कॅट पडून गेला होता, एक उरला होता. मी मनात मोजत होतो. मोज चढत चढत अधिक पाचवर गेली. म्हणजे मागे नुसत्या दश्श्या आणि राजे. काशीभाऊंनी नेहमीप्रमाणे दोनच चिंचोके लावले.

वहिनींनी त्या दोन चिंचोक्यांकडे बघितलं. मग आपला डबा ओढला, उजवा हात आत घातला, जमतील तेवढे चिंचोके त्या वाकड्या मुठीत घेतले, आणि काशीभाऊंच्या दोन चिंचोक्यांवर आणून ओतले. निम्मे पाटाखाली सांडले.

"अगं, हे काय? हे तुझे हायेत," काशीभाऊ म्हणाले.

"नाय," वहिनी म्हणाल्या आणि पानं वाटू लागल्या.

काशीभाऊंना दश्शी आणि छक्की. सोळा. वहिनींचं उघडं पान राजा. तक्ता भिंतीवर होताच. तक्ता म्हणत होता मार. काशीभाऊंनी माझ्याकडे बघायचं टाळलं, पाटावर बोट आपटलं, आणि म्हणाले, "मार."

पान येईना.

वहिनींनी उजवा हात उचलून गड्डीवर पालथा ठेवला होता. हात थरथरत होता, पण हलत नव्हता. काशीभाऊंनी पुन्हा बोट आपटलं. "मार, मथुरा. तक्ता बघ, सोळाला दहा. मार."

वहिनींनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. ओठ एकदा जुळले, सुटले, परत जुळले. गळ्याची शीर ताठ झाली.

"बस," वहिनी म्हणाल्या.

पडलेलं पान माझ्या डोक्यात बसतं, असं ह्याच बाईनं मला सांगितलं होतं. आणि आम्ही दोघं शहाणे तिच्यापुढे चोरून मोजत होतो! पहिल्या दिवसापासून तिला सगळं कळत होतं. कुठलं पान गेलं, कुठलं उरलं, आणि समोरचा माणूस कुणासाठी हरतोय. इतके महिने तिनं त्याला हरू दिलं होतं, कारण त्याला त्यात बरं वाटत होतं.

काशीभाऊ हळूहळू उभे राहिले.

वहिनींनी आपलं झाकलेलं पान उलटलं. पंजी. राजा-पंजी पंधरा, म्हणजे नेमानं त्यांना पान घेणं भाग. दोन बोटांनी त्यांनी ते ओढलं. इस्पिकची राणी. पंचवीस. फुटल्या! आणि फुटल्या तशा हसल्या, आवाज काढून, पोट धरून, पूर्वीसारख्या. पाटावर ढीग होता तेवढेच चिंचोके आणखी डब्यातून काढून त्यांनी काशीभाऊंकडे सरकवले.

डाव संपला होता. पण काशीभाऊ काही बसेनात. हातात पानं नव्हती, समोर काही नव्हतं, तरी झेंडावंदनाला राहावं तसे ताठ उभे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मास्तर, ऐकलंत ना? बोलली ती. तुमी ऐकलंत ना?" मी मान हलवली.

वहिनींनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. उजव्या हातानं. आणि एकेक अक्षर पाटावर मांडावं तसं, सावकाश म्हणाल्या,

"ब... सा."

काशीभाऊ बसले.